आघाडीवरून मंत्रालयात : ही बढती होती का?

प्रश्न : पहिल्या महायुद्धात जनरल हेर्मान फॉन श्टाइन यांना आघाडीवरून बोलावून प्रशियाचे युद्धमंत्री करण्यात आले. ही बढती मानावी का? शिवाय देश जर्मनी असताना मंत्री प्रशियाचा कसा?

उत्तर : आधी दुसरी शंका. १८७१ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन साम्राज्याला स्वतःचा युद्धमंत्रीच नव्हता. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेम्बर्ग या राज्यांची युद्धमंत्रालये वेगवेगळी होती. त्यांत प्रशियाचे सैन्य सर्वांत मोठे असल्याने राइशस्टागमध्ये, म्हणजे साम्राज्याच्या संसदेत, सैन्याची बाजू तिथलाच मंत्री मांडत असे. भरती, शस्त्रास्त्रे, पुरवठा हे त्याचे क्षेत्र. लढाई कशी लढायची हे मात्र सेनाप्रमुख ठरवत.

श्टाइन मूळचे तोफखान्यातले. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा ते सेनाप्रमुख मोल्टके यांचे साहाय्यक होते आणि मुख्यालयाची त्रोटक युद्धपत्रके त्यांच्याच नावाने निघत. फ्रान्समधल्या मार्न नदीवरच्या लढाईत जर्मन सैन्याला माघार घ्यावी लागल्यावर मोल्टके यांचे पद गेले, त्यांच्यापाठोपाठ श्टाइन यांनाही मुख्यालय सोडावे लागले आणि चौदाव्या राखीव कोअरचे (अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या सैन्यदलाचे) नेतृत्व त्यांच्याकडे आले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला खरा कसोटीचा काळ हाच. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोम नदीच्या उत्तरेस ब्रिटिशांनी केलेला प्रचंड हल्ला, ज्यात एका दिवसात त्यांचे सुमारे ५७ हजार सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले, तो मुख्यतः याच कोअरच्या आघाडीवर आला. दक्षिणेकडची काही गावे हातची गेली, तरी बोमाँ-हामेल आणि थिएपवाल येथील फळी त्या दिवशी टिकली.

त्याच वर्षी ऑगस्टअखेर हिंडेनबुर्ग आणि लुडेनडॉर्फ या सेनानींच्या हाती सैन्याची सूत्रे आली. शस्त्रनिर्मिती झपाट्याने वाढवण्याच्या त्यांच्या योजनेला तेव्हाचे प्रशियाचे युद्धमंत्री विल्ड फॉन होहेनबॉर्न पुरेशी साथ देत नाहीत, असे त्यांचे मत होते. ऑक्टोबरअखेर होहेनबॉर्न यांना हटवून श्टाइन यांना आणले गेले. लगेच १ नोव्हेंबरला जनरल ग्रोनर यांच्या हाताखाली नवे युद्ध कार्यालय उभे राहिले. ते कागदोपत्री मंत्रालयाचाच भाग होते, पण मनुष्यबळ आणि कारखान्यांची सूत्रे त्याच्याकडे गेली, आणि १७ ते ६० वर्षांच्या पुरुषांना युद्धोपयोगी कामाला जुंपणारा ५ डिसेंबरचा कायदाही ग्रोनर यांनीच पुढे रेटला. म्हणजे श्टाइन यांना मानाचे पद मिळाले, पण त्या पदातले बरेचसे बळ लगेच दुसरीकडे वळवले गेले. म्हणून मी या नेमणुकीला बढती म्हणणार नाही. मुख्यालयाला आडवा न येणारा मंत्री हवा होता, आणि तो त्यांना मिळाला.

ऑक्टोबर १९१८ मध्ये, नवे चॅन्सेलर (सरकारप्रमुख) राजकुमार माक्स फॉन बाडेन यांचे सरकार आल्यावर, श्टाइन पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेले जनरल शॉइश हे ग्रोनर यांच्यानंतर त्याच युद्ध कार्यालयाचे प्रमुख राहिलेले होते.