इंग्लंडमधल्या खेड्यांत जुन्या दगडी क्रॉसवर पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची नावं का असतात?

तुम्ही विचारलंय, की क्रॉसचा दगड पाचसहाशे वर्षांचा दिसत होता आणि त्यावरची नावं मात्र १९१४-१८ ची, हे कसं? मी गेली बारा वर्षं यॉर्कशायरमध्ये राहते. असा क्रॉस दिसला की थांबून सगळी नावं वाचते, म्हणून लिहितेय.

दगड खरंच जुना असू शकतो. मध्ययुगात बाजाराच्या चौकात, चर्चच्या आवारात असे क्रॉस उभारत. पुढं धर्मसुधारणेच्या काळात आणि १६४० नंतरच्या यादवीत अनेकांचे माथे फोडले गेले. कित्येक गावांत उरल्या त्या झिजलेल्या पायऱ्या आणि खांबाचा खुंट. युद्ध संपल्यावर काही गावांनी त्याच पायऱ्यांवर नवा खांब चढवला आणि खाली नावं कोरली.

नावांची एवढी ओढ का, ते समजून घ्यायला हवं. मृतदेह मायदेशी आणायला १९१५ पासून बंदी होती. जो जिथं पडला तिथंच त्याला पुरलं, आणि लाखोंचे देह तर ओळखूही आले नाहीत. फूल ठेवायचं म्हटलं तर आईला मुलाची कबर गावात नव्हती. हा क्रॉसच तिच्यासाठी मुलाची कबर झाला. गावच्या स्मारकांसाठी सरकारी पैसा नव्हता, लोकांनी वर्गणी काढून ती उभारली. बऱ्याच ठिकाणी हुद्दा न लावता, आडनावांच्या वर्णक्रमानं नावं आहेत. एकच आडनाव तीनदा आलं की माझं बोट तिथंच थांबतं.

आमच्या भागातल्या स्लेडमियरला जमलं तर जा. तिथला क्रॉस मध्ययुगीन नाही. एडवर्ड पहिला या राजानं १२९० मध्ये वारलेल्या एलिनॉर राणीच्या स्मरणार्थ जे क्रॉस उभारले, त्यांच्या धर्तीवर तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधला. युद्धानंतर तिथले जमीनदार मार्क साइक्स (मध्यपूर्वेच्या वाटणीचा जो ब्रिटिश-फ्रेंच साइक्स-पिको करार झाला, त्यातले तेच) यांनी त्यावर गेलेल्या माणसांच्या पितळी प्रतिमा बसवायला घेतल्या. १९१९ मध्ये फ्लूच्या साथीत ते स्वतःच गेले आणि त्यांचीही प्रतिमा तिथं लागली. जवळच शेतावरच्या गाडीवानांचं वेगळं स्मारक आहे. या हजारावर गाडीवानांना ऑगस्ट १९१४ मध्ये ऐन सुगीत बोलावणं आलं. पीक उभं टाकून ते गेले. दगडात कोरलेली ती चित्रं पाहताना मला आमच्याकडची सुगीच दिसते.

मी सातारा जिल्ह्यातली. आमच्या गावात चावडीच्या भिंतीत एक पांढरी पाटी आहे, तशा त्या आपल्याकडे अनेक गावांत आहेत. या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नाव एकही नाही. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंग्यानं त्या युद्धात ४६ माणसं गमावली. इराकमधल्या बसऱ्याच्या मोठ्या युद्धस्मारकावरही ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, आपल्या साध्या शिपायांचे पलटणीगणिक फक्त आकडे लिहिले. इथल्या क्रॉससमोर उभं राहिलं की मला हे फार लागतं. इथल्या आईला निदान अक्षरांवरून बोट फिरवता आलं. आमच्याकडच्या आईनं आकड्यात आपला मुलगा कसा शोधायचा?

नावं मात्र हरवलेली नाहीत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात, आणि पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही सापडतं. इंग्रजी कारकुनांनी गावांची नावं कानाला आली तशी लिहिलीत, म्हणून चारपाच प्रकारे स्पेलिंग करून बघावं लागतं. आमच्या गावची मला आत्तापर्यंत दोन मिळाली. दिवाळीत जाईन तेव्हा सरपंचांना देणार आहे. त्या पाटीखाली जागा आहे, मी मागच्या वेळी वीत लावून पाहिली.