परराष्ट्राच्या बातम्या किती खऱ्या मानायच्या?

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या घरात वडील हिंदी चॅनेल लावतात, पुण्याची मावशी मराठी बातम्यांच्या क्लिपा पाठवते, स्वतः प्रश्नकर्ता बीबीसी वाचतो, वडील तीही पक्षपाती म्हणतात, आणि रोज वाद होतो. परराष्ट्राच्या बाबतीत आपली राष्ट्रीय माध्यमं निष्पक्ष असतात का?

नसतात. पण ‘विकले गेलेत’ म्हणून हात झटकण्याआधी बातमी येते कशी ते बघा. मी इथल्याच एका हिंदी दैनिकात वर्षानुवर्षं रात्रपाळी केली आहे. इंदूरचं सोडाच, दिल्लीतल्याही बहुतेक पेपरांचा आणि चॅनेलांचा कीव्हला किंवा तेहरानला माणूस नसतो. परवडत नाही. म्हणून दूरची बातमी रॉयटर्स, एपी, एएफपी या परदेशी वृत्तसंस्थांच्या कॉपीवर उभी राहते. उपसंपादक तिचं हिंदी करतो, जागा नसली की खालचे परिच्छेद उडवतो आणि पान छपाईला सोडतो. पार्श्वभूमी नेमकी त्या खालच्या परिच्छेदांत असते. त्यामुळे युक्रेनबद्दल आपण जे मत ठामपणे मांडतो, त्यात लंडन-न्यूयॉर्कच्या संपादकांची निवड बरीच असते. सुदानमधल्या युद्धाला तर आतल्या पानावरही क्वचितच जागा मिळते.

शेजारी देश किंवा आपल्याशी भांडण असलेला देश असला की गणित उलटतं. तिथे मथळा ठरतो परराष्ट्र मंत्रालयाच्या सुरावर. कॅनडाचं बघा. १८ सप्टेंबर २०२३ ला तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडोंनी संसदेत खलिस्तानवादी निज्जरच्या तिथल्या हत्येचा संबंध भारत सरकारच्या हस्तकांशी असू शकतो असा आरोप केला. मंत्रालयाने तो हास्यास्पद आणि हेतुप्रेरित ठरवला आणि चॅनेलांनी ट्रूडोंना महिनाभर धुतलं. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने तिथे राहणाऱ्या खलिस्तानवादी पन्नूच्या हत्येच्या कटाचं आरोपपत्र उघड केलं. त्यातही एका भारतीय सरकारी कर्मचाऱ्याकडे बोट होतं. या वेळी मंत्रालय ‘चिंतेची बाब’ म्हणालं, उच्चस्तरीय चौकशी समिती नेमली, आणि तीच चॅनेलं एकदम सभ्य झाली. अँकर तेच, विषय जवळजवळ तोच. सरकारला अमेरिकेशी बिघडवायचं नव्हतं, तर स्टुडिओलाही नव्हतं. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रूडोंनी चौकशी आयोगापुढे मान्य केलं की आरोप केला तेव्हा हाती मुख्यतः गुप्तचर माहिती होती, ठोस पुरावा नव्हता. ते मात्र आपल्याकडे दिवसभर वाजलं.

मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाची गंमत याहून वेगळी. ८ तारखेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं कित्येक चॅनेलांनी छातीठोक सांगितलं. सरकारने तसं म्हटलंच नव्हतं. अधिकृत पत्रकार परिषदा संयत होत्या आणि स्टुडिओ मोहिमेवर निघालेले. शेवटी कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवू नका, असं सरकारलाच सांगावं लागलं. आमच्या रामबागेत त्या रात्री फटाके वाजले, आणि सकाळी बंदर जागच्या जागी. म्हणजे दर वेळी वरून दबाव असतो असं नाही. टीआरपीची भूक पुरते.

शेजाऱ्यांना हे दिसत नाही असं समजू नका. नेपाळच्या एप्रिल २०१५ च्या भूकंपात मदत भारताचीच मोठी होती, तरी ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसासमोर माइक धरणाऱ्या आपल्या वार्ताहरांना ‘घरी जा’ असं नेपाळी लोकांनी ट्विटरवर सुनावलं.

आता वडिलांचा मुद्दा, बीबीसी. तीही आभाळातून पडलेली नाही. तिच्या वर्ल्ड सर्व्हिसचा खर्च २०१४ पर्यंत ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या अनुदानातून चालत असे, आजही काही भाग तिथून येतो. अल जझीराला कतारचा पैसा आहे. कतारवर ते किती कडक लिहितात ते स्वतः तपासा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने इराकच्या संहारक अस्त्रांबद्दलच्या आपल्या बातम्या पुरेशा तपासल्या नव्हत्या, हे मे २००४ मध्ये छापून कबूल केलं, पण तोवर युद्धाला वर्ष उलटून गेलं होतं. मात्र कबूल तरी केलं. कराचीबद्दल आपल्याकडे अशी किती निवेदनं आली, मोजून बघा.

एकट्या पत्रकाराला काय साधतं तेही सांगतो. १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने आठ पत्रकारांना पूर्व बंगालमध्ये ‘सगळं आलबेल’ दाखवायला नेलं. सात जणांनी हवं ते लिहिलं. आठवा बेळगावात जन्मलेला अँथनी मस्कारेन्हास. त्याने आधी बायकामुलांना पाकिस्तानबाहेर काढलं, मग १३ जूनला लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये कत्तलींचा वृत्तांत छापला. कराचीत राहून ते छापणं शक्यच नव्हतं.

व्यवहारात मी एवढं करतो: बातमी ढाक्याची पण सुरुवातीला ‘नवी दिल्ली’ छापलंय का, ते आधी पाहतो. तसं असेल तर ढाक्याचाच ‘डेली स्टार’ उघडतो, नेपाळसाठी ‘काठमांडू पोस्ट’. त्यांचेही कल असतात, पण निदान माणूस जागेवर असतो. श्रीलंकेसाठी ‘द हिंदू’, कारण त्यांनी कोलंबोत स्वतःचा वार्ताहर ठेवलाय. मावशीच्या क्लिपांबाबत आधी दृश्य कुठलं आहे ते शोधा. त्याच मे महिन्यात गाझातली आणि चक्क व्हिडिओ गेममधली दृश्यं पाकिस्तानातली म्हणून फिरली होती.