सरकारचा दबाव आला की टेक कंपन्या आपल्या तत्त्वांवर टिकतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की ग्राहकाची गोपनीयता आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य यांच्या आणाभाका घेणाऱ्या कंपन्या सरकारनं डोळे वटारले की खरंच टिकतात, की ते सगळं जाहिरातीपुरतंच असतं. मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि माझ्याकडे बरीचशी कामं सायबर गुन्ह्यांची असतात. माझं मत असं आहे की काही कंपन्या काही ठिकाणी टिकतात, आणि कुठे टिकतील याचा अंदाज आधी बांधता येतो. त्यासाठी त्यांचं निवेदन वाचून उपयोग नाही. त्यांची माणसं, सर्व्हर, कारखाने कोणाच्या हद्दीत आहेत आणि तुमची कोणती माहिती त्यांच्या हाती आहे, ते बघावं लागतं.

ॲपलचंच घ्या. फेब्रुवारी 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोच्या हल्लेखोराचा आयफोन उघडून द्या, असा आदेश अमेरिकी कोर्टानं दिला. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी जाहीर पत्र लिहून नकार दिला. सुनावणीच्या तोंडावर एफबीआयला दुसऱ्याच कोणाकडून फोन उघडून मिळाला आणि 28 मार्चला खटला मागे घेतला गेला. आता हीच कंपनी चीनमध्ये बघा. 2017 च्या जुलैमध्ये तिथल्या ॲप स्टोअरमधून व्हीपीएन ॲप्स (सरकारनं रोखलेली संकेतस्थळं बघू देणारी) काढली गेली. 28 फेब्रुवारी 2018 पासून चिनी ग्राहकांचा आयक्लाउड डेटा ग्वेइचौ प्रांतातल्या सरकारी मालकीच्या कंपनीकडे चालवायला गेला. दोन्हीकडे बोधवाक्य तेच, मालक तेच. पण अमेरिकेत कोर्टात सरकारला हरवता येतं, आणि तसं करून कोणाची नोकरी किंवा कारखाना जात नाही. चीनमध्ये आयफोनची जुळणीच होत होती. नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि ॲपलचं नाक तिथे होतं.

ब्रिटनचा प्रकार या दोन्हींपेक्षा वेगळा. सरकारनं क्लाउडमधल्या कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या) माहितीत शिरकाव मागितला, तेव्हा ॲपलनं मागचं दार बांधून दिलं नाही. उलट फेब्रुवारी 2025 मध्ये ती जादा सुरक्षेची सोयच ब्रिटनमध्ये बंद केली. कंपनीनं शब्द मोडला नाही असं म्हणता येईल. पण तिथल्या ग्राहकाच्या पदरी काय पडलं? कमी सुरक्षा. असे निकाल मला सगळ्यात जास्त खटकतात, कारण त्यात कोणालाच दोषी धरता येत नाही.

माणसं हाताशी असली की काय होतं, ते रशियात दिसलं. सप्टेंबर 2021 च्या निवडणुकीत विरोधी नेते नवाल्नी यांच्या गटाचं मतदारांना मार्गदर्शन करणारं ॲप गूगल आणि ॲपल दोघांनीही काढून टाकलं. तिथल्या कर्मचाऱ्यांना अटकेची धमकी मिळाली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. कॅलिफोर्नियात बसून तत्त्व सांगणं सोपं आहे, तुरुंगात जाणारा मात्र मॉस्कोतला कर्मचारी असतो. आपल्याकडच्या 2021 च्या आयटी नियमांनीही मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांना भारतात राहणारा मुख्य अनुपालन अधिकारी नेमायला लावला, आणि नियम न पाळल्यास त्याच्यावर फौजदारी कारवाई होऊ शकते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली मजकूर रोखण्याचा आदेश धुडकावला तर सात वर्षांपर्यंत कैद. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार?

आता नाशिककडे येतो. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा निफाड तालुक्यातला एक तरुण रोज भावाबद्दल व्हिडिओ टाकायचा. त्यातला एक व्हिडिओ अचानक भारतात दिसेनासा झाला. त्याला एका मोठ्या कंपनीचा इंग्रजीत चार ओळींचा ईमेल आला होता, तो त्यानं माझ्यासमोर मोबाईलवर उघडला. कायदेशीर मागणी आली म्हणून मजकूर रोखला आहे, एवढंच त्यात होतं. मागणी कोणत्या खात्याची, आक्षेप कोणत्या वाक्यावर, दाद कुठे मागायची, यातलं काहीच नाही. त्यानं उलट विचारलं तर त्याच चार ओळी परत आल्या. मजकूर रोखण्याबाबतच्या 2009 च्या नियमांतला नियम 16 अशी प्रकरणं गोपनीय ठेवायला सांगतो, त्यामुळे कंपनीला मौनासाठी कायद्याचा आडोसा मिळतो. तरीही मला राग आला, आणि तो कंपनीवरच आला. आदेश पाळणं भाग असेल, पण निदान हरकत घेतली का, एवढं सांगायला कोणी अडवलं होतं?

ट्विटरनं हरकत घेतली, हेही नमूद केलं पाहिजे. जुलै 2022 मध्ये ती कंपनी मजकूर रोखण्याच्या आदेशांविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात गेली. मध्ये मालक बदलला तरी याचिका चालू राहिली. 30 जून 2023 ला ती फेटाळली गेली, वर 50 लाखांचा भुर्दंड बसला. पुढे सहयोग पोर्टलविरुद्धची (मजकूर काढण्याच्या सरकारी सूचना कंपन्यांना त्यावरून जातात) एक्सची, म्हणजे नाव बदललेल्या ट्विटरचीच, याचिकाही सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळली गेली. तेव्हा कोर्टानं म्हटलं की राज्यघटनेच्या कलम 19 चं अभिव्यक्तिस्वातंत्र्य नागरिकांना आहे, परदेशी कंपनी ते मागू शकत नाही. म्हणजे कंपनीनं कितीही मनापासून लढायचं ठरवलं, तरी तुमच्या बोलण्याचा हक्क तुमच्या वतीनं मागायला तिला कोर्टात जागाच अपुरी आहे.

म्हणून निफाडच्या त्या मुलाला मी सांगितलं की कंपनीची वाट बघू नकोस, रिट याचिका तुझ्या नावानं करावी लागेल. हे हवेत बोललो नाही. हुंड्यावर उपरोधिक संकेतस्थळ चालवणाऱ्याला 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते बंद करण्याच्या आदेशाची प्रत आणि सुनावणी मिळवून दिली. पालघरच्या दोन मुलींना 2012 मध्ये फेसबुकवरच्या पोस्टवरून अटक झाली, ते आपल्या सगळ्यांना आठवतं. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या त्याच कलम 66अ विरुद्धची मुख्य याचिका श्रेया सिंघल या तरुण विद्यार्थिनीनं केली आणि 24 मार्च 2015 ला ते कलम रद्द झालं. त्या मुलानं अजून ठरवलेलं नाही. मुंबईचे खेटे आणि खर्च त्याला पेलायला हवा, त्यामुळे मी त्याला घाई करत नाही.

मोबाईल सेवा देणाऱ्या कंपन्यांकडून तर मी विरोधाची अपेक्षाच ठेवत नाही. त्यांचा धंदाच सरकारी परवान्यावर चालतो. ऑक्टोबर 2016 मध्ये नाशिकमध्ये तणाव होता तेव्हा आपलं मोबाईल इंटरनेट बंद झालं, आणि एकाही कंपनीनं चकार शब्द काढला नाही.

मग खरोखर टिकतं काय? ते मला दोषारोपपत्राच्या कागदांत दिसतं. पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली (पूर्वीचं सीआरपीसी 91) व्हॉट्सॲपकडे माहिती मागतात. उत्तरात क्रमांक, खातं कधी उघडलं, शेवटचं कधी वापरलं आणि आयपी पत्ते येतात. वेळा भारतीय नसतात, साडेपाच तास मिळवावे लागतात, आणि उलटतपासणीत मी आधी तेच तपासतो. मेसेजचा मजकूर त्यात नसतो, कारण तो कंपनीला वाचताच येत नाही. मेसेज येतात ते पंचनामा करून जप्त केलेल्या हँडसेटमधून. 2016 मध्ये अमेरिकी ग्रँड ज्युरीच्या समन्सला सिग्नल या मेसेजिंग ॲपनं खातं उघडल्याची आणि शेवटच्या जोडणीची वेळ, एवढंच दिलं, कारण त्यांच्याकडे तेवढंच होतं. 2004 मध्ये याहूकडे शी ताओ या चिनी पत्रकाराच्या ईमेल खात्याची माहिती होती. ती दिली गेली आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तीच याहू 2008 मध्ये अमेरिकेच्या गुप्त न्यायालयात सरकारशी भांडली, रोज अडीच लाख डॉलर दंडाची धमकी आल्यावर नमली, आणि ते जगाला 2014 मध्ये कळलं. म्हणजे लढण्याची इच्छा असूनही माहिती गेलीच.

एप्रिल 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात व्हॉट्सॲपच्या वकिलांनी सांगितलं की एन्क्रिप्शन (पाठवणारा आणि घेणारा सोडून मेसेज कोणालाच वाचता न येणारी कूटबद्धता) तोडायला लावलं तर आम्ही इथून जाऊ. यावर मी बराच विश्वास ठेवतो, कारण ते तुटलं तर त्यांच्याकडे विकायला काही उरत नाही.

तुम्हाला स्वतःपुरतं काही करायचं असेल तर आजच एक सेटिंग बघा. तुमच्या चॅटचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जात असेल आणि त्याचं एन्क्रिप्शन तुम्ही चालू केलेलं नसेल, तर मेसेजना असलेलं ते संरक्षण बॅकअपला नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप, तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा. पासवर्ड किंवा 64 अंकांची किल्ली घेता येते. ती वहीत लिहून ठेवा, कारण हरवली तर कंपनीलाही तो बॅकअप उघडून देता येत नाही.