पहिल्या चित्रात काय पाहायचं?

वाचकांचे प्रश्न : मार्च २००६

नासाचं 'मार्स रिकनेसन्स ऑर्बिटर' म्हणजे एमआरओ हे यान १० मार्चला मंगळाच्या कक्षेत शिरलं आणि आमच्या टपालाचा रोख बदलला. जवळजवळ प्रत्येक पत्रात त्यावरच्या 'हायराइज' कॅमेऱ्याबद्दल विचारणा आहे. त्याची पहिली चाचणी चित्रं २४ मार्चला घ्यायची आहेत. ही उत्तरं त्याआधी लिहिली आहेत. अंक हातात पडेल तेव्हा चित्रं आलेली असतील, ती शेजारी ठेवून वाचलीत तर उत्तम.

प्रश्न : हा कॅमेरा ३० सेंटिमीटरची वस्तूही टिपतो असं वर्तमानपत्रात वाचलं. मग पहिल्याच चित्रात मंगळावरचे दगडधोंडे दिसतील का? (पुणे)

नाही दिसणार. त्याचं गणित तोंडी करता येतं. हायराइजच्या दुर्बिणीचा मुख्य आरसा अर्ध्या मीटरचा, नाभीय अंतर १२ मीटर आणि संवेदकावरचा एक पिक्सेल १२ मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मीटरचा दहालाखावा भाग). १२ मायक्रॉन भागिले १२ मीटर म्हणजे दहा लाखात एक. थोडक्यात, यानाच्या उंचीला दहा लाखांनी भागलं की एका पिक्सेलमध्ये मावणारी जमीन मिळते. ३०० किलोमीटरवरून ३० सेंटिमीटर. पण यान सध्या लांबट कक्षेत आहे. दूरचं टोक सुमारे ४४,५०० किलोमीटरवर आणि एका फेरीला ३५ तासांहून जास्त वेळ. चाचणी चित्रं सुमारे २,५०० किलोमीटर उंचीवरून घ्यायची असल्याने एका पिक्सेलमध्ये अडीच मीटर जमीन येईल. गेल्या वर्षी मे महिन्यात श्रीहरिकोट्याहून गेलेला आपला कार्टोसॅट-१ पृथ्वीची चित्रं एवढ्याच बारकाईने घेतो.

म्हणजे गंमत अशी की १९९७ पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या 'मार्स ग्लोबल सर्व्हेयर'च्या कॅमेऱ्यापेक्षाही (त्याचा पिक्सेल सुमारे दीड मीटरचा) नव्या कॅमेऱ्याचं पहिलं चित्र ढोबळ असेल. त्यावरून 'अपेक्षाभंग' असा मथळा कुणी दिला तर तो मनावर घेऊ नका. जुन्या कॅमेऱ्याचा पट्टा ३ किलोमीटर रुंद असतो, चाचणीच्या दिवशी हायराइजचा ५० किलोमीटर असेल.

शिवाय चित्रं घेताना तिथे सकाळची वेळ असेल, सूर्य क्षितिजाजवळ. सावल्या लांब पडतील, उंचसखलपणा उठून दिसेल. पण उजेड कमी असल्याने चित्रात थोडा कणीदारपणा आला तर नवल नाही.

प्रश्न : चित्र घ्यायला एवढी तयारी कशाला? यान मंगळाकडे वळवायचं आणि बटण दाबायचं, एवढंच ना? (सांगली)

बटण दाबून चौकोनी फोटो काढणारा हा कॅमेरा नाही. तो झेरॉक्सच्या दुकानातल्या स्कॅनरसारखा ओळीओळीने चित्र रचतो, आणि सरकण्याचं काम यानाची गती करते. खरी अडचण उजेडाची आहे. नंतरच्या कामाच्या कक्षेत, म्हणजे सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर, यानाखालची जमीन सेकंदाला ३ किलोमीटरहून जास्त वेगाने सरकेल. ३० सेंटिमीटर ओलांडायला सेकंदाचा साधारण दहाहजारावा भाग. एवढ्या वेळात एका पिक्सेलवर पडणारा प्रकाश अगदीच तुटपुंजा.

त्यावरची युक्ती म्हणजे टीडीआय (टाइम डिले इंटिग्रेशन). स्लॅब टाकताना माणसं रांगेत उभी राहून घमेली हातोहात पुढे देतात, ती रांग डोळ्यांसमोर आणा. इथे रांगेतला प्रत्येक जण घमेल्यात मूठभर माल टाकतो आणि पुढच्याला देतो. सीसीडीवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाच्या चिपवर, अशा १२८ ओळी आहेत. जमिनीवरच्या एका ठिपक्याची प्रतिमा ज्या वेगाने ओळींवरून सरकते, त्याच वेगाने साठलेला विद्युतभारही पुढच्या ओळीत सरकवला जातो. शेवटच्या ओळीपर्यंत १२८ पट प्रकाश जमा होतो. जमीन उजळ असेल तर ८, ३२ किंवा ६४ ओळीच वापरायच्या, नाहीतर चित्र पांढरंफटक पडतं.

आता बिघडतं कुठे ते पाहा. घमेली देण्याचा वेग आणि जमीन सरकण्याचा वेग यांत १ टक्का फरक पडला, तर १२८ ओळींत चित्र सव्वा पिक्सेल फराटतं. यानाचं तोंड प्रवासाच्या दिशेपासून अर्धा अंश जरी तिरकं झालं, तरी ठिपका शेजारच्या रांगेत घुसतो. मंगळ स्वतः फिरत असतो, त्यामुळे ही योग्य दिशा प्रत्येक अक्षांशावर वेगळी असते आणि दर चित्रासाठी नव्याने काढावी लागते. तिसरा शत्रू म्हणजे थरथर. १२८ ओळी पार व्हायला सेकंदाचा सुमारे ऐंशीवा भाग लागतो. तेवढ्यात यान दहालाखांश रेडियनपेक्षा, म्हणजे चित्रातल्या एका पिक्सेलपेक्षा, जास्त हलता कामा नये. वीज बनवणारे सौर पंख किंवा तीन मीटरची अँटेना वळवणाऱ्या मोटरी चालू असल्या तर एवढी हालचाल सहज होते. म्हणून महत्त्वाच्या चित्राच्या वेळी या मोटरी थांबवण्याची सोय ठेवली आहे.

चाचणीच्या चित्रात जाणकार सगळ्यात आधी सांधे पाहतील. तांबड्या प्रकाशाचे १० सीसीडी शेजारी शेजारी, पण एक पुढे एक मागे असे बसवले आहेत. प्रत्येकाची रुंदी २,०४८ पिक्सेल, कडेचे थोडे पिक्सेल एकमेकांवर चढलेले. सगळे मिळून सुमारे २०,००० पिक्सेल. पुढच्या-मागच्या सीसीडीने तीच जमीन क्षणभराच्या अंतराने पाहिलेली असते. मधल्या क्षणात यान थरथरलं असेल तर सांध्यावर विवराची कड तुटलेल्या बांगडीसारखी सरकलेली दिसते. ही खोड उपयोगाचीही आहे: कड किती सरकली त्यावरून थरथर मोजता येते.

प्रश्न : सात महिन्यांच्या प्रवासात कॅमेऱ्याचा फोकस बिघडला तर दुरुस्त कसा करतात? (नागपूर)

बिघडण्याचं नेहमीचं कारण दमटपणा. दुर्बिणीचा सांगाडा कार्बन धाग्यांच्या मिश्रणाचा आहे. पृथ्वीवर तो हवेतली वाफ शोषून किंचित फुगतो आणि अवकाशात वाळून आकसतो. त्यामुळे प्रवासात हीटर लावून त्याला मुद्दाम वाळवतात. मग ताऱ्यांची चित्रं घेतात, कारण तारा हा सगळ्यात प्रामाणिक बिंदू: तो पसरट दिसला तर दोष फोकसचाच. गेल्या ८ सप्टेंबरला या कॅमेऱ्याने एक कोटी किलोमीटरवरून चंद्र टिपला, तो जेमतेम साडेतीनशे पिक्सेल रुंद होता. उरलेली कसर भरून काढायला दुर्बिणीतला एक छोटा आरसा मागेपुढे सरकवता येतो.

प्रश्न : यान पोहोचलं आहे, कॅमेरा चालू आहे, मग शास्त्रीय काम नोव्हेंबरपर्यंत का लांबवलं? (ठाणे)

इंधन वाचवण्यासाठी. उड्डाणाच्या वेळी यान सुमारे २,१८० किलोचं होतं, त्यात निम्म्याहून जास्त इंधन. १० मार्चला सहा मोठी इंजिनं २७ मिनिटं चालवून वेग सेकंदाला एक किलोमीटरने कमी केला तो फक्त मंगळाच्या तावडीत सापडण्यापुरता. लांबट कक्षा आखूड आणि जवळपास गोल करायचं काम आता मंगळाच्या विरळ हवेकडून करून घ्यायचं आहे. दर फेरीत यान हवेच्या वरच्या थरात बुडी मारेल, सौर पंख हवा अडवतील, दूरचं टोक थोडं जवळ येईल. अशा चारशे-पाचशे बुड्या, पाच-सहा महिने. घाई करून खोल बुडी मारली तर पंख तापतात. फार वरून गेलं तर वेग घटत नाही. धुळीचं वादळ उठलं की हवा फुगते आणि सगळा हिशोब पुन्हा करावा लागतो.

शेवटी एक फेरी दोन तासांच्या आत येईल आणि यान ध्रुवावरून ध्रुवाकडे, दर वेळी खालच्या जमिनीवर दुपारचे तीन वाजलेले असताना जाईल. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो, तेव्हा संदेश धड पोहोचत नाहीत. नोव्हेंबर उजाडतो तो असा.

प्रश्न : चित्रं खऱ्या रंगात असतील का? (बेळगाव)

चित्राचा मोठा भाग काळापांढरा असेल. रंगाचे चार सीसीडी फक्त मध्यभागी आहेत: दोन निळ्या-हिरव्याचे, दोन जवळच्या अवरक्ताचे (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश). म्हणून ६ किलोमीटरच्या पट्ट्यात मधला १.२ किलोमीटरच रंगीत. तोही डोळ्यांना दिसेल तसा नाही. अवरक्ताला लाल, लालला हिरवा आणि निळ्या-हिरव्याला निळा रंग देऊन चित्र रचतात. त्यात निळं काही दिसलं की पाण्याची बातमी होते, हे आत्ताच सांगून ठेवतो. तिथे बहुधा काळसर, कमी गंजलेली वाळू असते, कधी दहिवर.

प्रश्न : एक चित्र पृथ्वीवर यायला किती वेळ? घरच्या संगणकावर पूर्ण चित्र पाहता येईल का? (कोल्हापूर)

२०,००० गुणिले ४०,००० पिक्सेलचं चित्र धरू, म्हणजे ८० कोटी पिक्सेल. कॅमेरा प्रत्येक पिक्सेल १४ बिटांत मोजतो, पाठवताना तो बहुतेकदा ८ बिटांत बसवतात. झाले ६४० कोटी बिट. पृथ्वी-मंगळ अंतराप्रमाणे पाठवण्याचा वेग सेकंदाला अर्ध्या मेगाबिटपासून ६ मेगाबिटपर्यंत बदलतो. १ मेगाबिट धरला तर पावणेदोन तास, माहिती दाबून पाठवली तर त्याहून कमी. त्यात यान दर फेरीत मंगळाआड जातं आणि बाकीच्या उपकरणांनाही वाटा द्यायचा असतो. संदेशाला वाटेत लागणारी १२ मिनिटं या हिशोबात किरकोळच.

घरच्या संगणकावर अख्खं चित्र एकदम उघडायचा हट्ट धरू नका, तो लटकेल. १०२४ गुणिले ७६८ च्या पडद्यावर ते हजारभर पडद्यांएवढं होतं. ३०० ठिपके प्रति इंचाने छापलं तर साडेपाच फूट रुंद आणि अकरा फूट लांब. जेपेग-२००० या प्रकारच्या फाइलमधून हवा तेवढाच तुकडा मागवता येतो. आधी लहान प्रत पाहा, जागा निवडा, मग तेवढाच भाग पूर्ण बारकाईने उतरवा.

प्रश्न : हरवलेली याने या कॅमेऱ्याला सापडतील? (मडगाव)

शोध नक्की घेतला जाईल. आकार ओळखू यायला निदान तीन-चार पिक्सेल लागतात, म्हणजे ३०० किलोमीटरवरून सुमारे एक मीटरची वस्तू. डिसेंबर १९९९ मध्ये दक्षिण ध्रुवाजवळ हरवलेल्या 'मार्स पोलर लँडर'चं पांढरं पॅराशूट याहून कितीतरी मोठं आहे, ते धुळीत मळलं नसेल तर शोधायला तेच सोपं. डिसेंबर २००३ मधलं ब्रिटनचं 'बीगल-२' उघडल्यावरही दोन मीटरच्या आसपास, म्हणजे सहा-सात ठिपके. एवढ्या ठिपक्यांत माणसाला हवं ते दिसतं. पोलर लँडर सापडल्याची शक्यता गेल्या वर्षीच जाहीर झाली होती. जास्त बारकाईचं चित्र घेतल्यावर ती मागे घ्यावी लागली. 'स्पिरिट' आणि 'ऑपर्च्युनिटी' या मंगळावर फिरत असलेल्या गाड्या कुठे आहेत हे माहीत असल्याने त्या मात्र दिसायलाच हव्यात.

प्रश्न : लोणारएवढं विवर असेल तर ते चित्रात केवढं दिसेल? (बुलढाणा)

लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. चाचणीच्या चित्रात ७२० पिक्सेल, कामाच्या कक्षेतून ६,००० पिक्सेल. लोणारसारखंच मंगळावरही बेसाल्ट खडकात झालेली विवरं पुष्कळ असल्याने तुलना करायला हरकत नाही.

प्रश्न : मंगळाच्या चित्रांत मला विवरं टेकड्यांसारखी फुगलेली दिसतात. डोळ्यांचा दोष आहे का? (सोलापूर)

डोळे ठीक आहेत. उजेड वरून येतो असं मेंदू धरून चालतो. चित्रात तो खालून किंवा बाजूने आला की खड्डा उंचवटा वाटतो. चाचणीची वेळ सकाळची आहे, म्हणजे उजेड पूर्वेकडून येणार. उत्तर वर ठेवून छापलेलं चित्र असेल तर ते डावीकडे पाव वळसा फिरवा, पूर्व वर येईल आणि विवरं खाली बसतील.