पदर असू दे

प्रिय,

तुझं पत्र परवा मिळालं. चार पानांत ‘नशीब’ हा शब्द अकरा वेळा आलाय. मोजायचं ठरवलं नव्हतं, पण तिसऱ्या वेळेनंतर नजर तिकडेच जायला लागली. बरोबरच्या मैत्रिणीला कुणाच्या तरी ओळखीतून काम मिळालं आणि तू अजून अर्जच पाठवते आहेस, याचा त्रास होणारच. कुणाच्या पोटी जन्माला आलो, लहानपणी आजारपण मागे लागलं की नाही, यात कुणाचंच काही चालत नाही. ज्यांचं दान तिथेच उलटं पडलं, त्यांना ‘सकारात्मक राहा’ सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पण तुझी तक्रार त्या नशिबाबद्दल नाहीच. ती संधीबद्दल आहे, आणि तिथे जुनी म्हण मला पटते: दैव आलं द्यायला आणि पदर नाही घ्यायला.

माझा पदर कसा नव्हता ते सांगतो. सव्विसाव्या वर्षी मी नोकरी सांभाळून रात्री पुस्तकांच्या शेवटी असते ती शब्दसूची करायला शिकत होतो. एकदा डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक गृहस्थ मांडीवर जाडजूड हस्तलिखित घेऊन बसलेले. कडेला पेन्सिलीच्या खुणा, मध्येमध्ये कागदाचे कपटे. त्यांनी विचारलं, ‘आपण काय करता?’ मी म्हणालो, ‘काही विशेष नाही.’ नम्रता म्हणून हं! आणि समोरच्या जुन्या मासिकात डोकं खुपसलं. सहा महिन्यांनी ते एका कार्यक्रमात पुन्हा भेटले, तेव्हा कळलं की त्या सातशे पानांची सूची करून देणारा माणूस ते शोधत होते. एव्हाना मिळाला होता.

तेव्हा ‘काही विशेष नाही’ हे उत्तर आजपासून बंद. त्याऐवजी एक वाक्य तयार ठेव: सध्या काय करते आहे आणि कुठे अडलंय. त्यातलं ‘अडलंय’ गाळू नकोस. आपण कर्तबगारी सांगितली की समोरचा ‘वा, छान’ म्हणून गप्प होतो. अडचण सांगितली की त्याला लगेच कुणीतरी आठवतं, ‘अगं, माझा एक मावसभाऊ आहे…’ माणसांना उपयोगी पडायला आवडतं, फक्त कुठे हात लावायचा ते दिसायला हवं.

आणि हे वाक्य रोजच्या घोळक्यात फारसं कामाचं नाही. त्यांना जे ठाऊक आहे ते तुलाही ठाऊक असतंच. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1973 साली एक निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यानं विचारलं होतं, की ज्यानं बातमी दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? वरचेवर भेटणारे निघाले जेमतेम 17 टक्के. अधूनमधून भेटणारे 56 टक्क्यांच्या आसपास आणि क्वचित भेटणारे 28. नमुना लहान होता, पण माझा अनुभवही तोच. म्हणून आठवड्यातून एकदा, वर्षभरात न भेटलेल्या एखाद्या माणसाला दोन ओळी लिहीत जा. काही मागू नकोस. चौकशी कर, त्यांच्या कामाचं काही वाचलं असेल तर ते कळव. सुरुवातीला ओशाळल्यासारखं होईल, मला अजून होतं.

नकारांचं म्हणत होतीस. अकरा अर्ज, अकरा नकार. एक साधा हिशेब करून बघ. समज, एका अर्जाला यश यायची शक्यता फक्त 2 टक्के आहे. अकरा अर्जांत एकदा तरी जमायची शक्यता 20 टक्के होते, पस्तीस अर्जांत निम्म्याच्या जरा वर आणि शंभरात 87 च्या घरात. शंभर करूनही तेरा टक्के माणसं कोरडीच राहतात, हेही त्याच हिशेबात आहे. ती आळशी नसतात. शिवाय तोच अर्ज शंभर ठिकाणी चिकटवला तर हा हिशेब लागू होत नाही. दर दहा नकारांनंतर अर्ज कुणा जाणत्याला दाखव आणि बदल.

पेनिसिलिनची गोष्ट तुला शाळेपासून माहीत असेल: 1928, फ्लेमिंग सुट्टीवरून परतला, बशीत बुरशी, भोवतालचे जिवाणू नाहीसे. गोष्ट सांगणारे एक गाळतात. जिवाणू विरघळवणारा लायसोझाइम नावाचा पदार्थ त्यानं आधीच शोधला होता, त्यावरचा निबंध 1922 चा. म्हणजे असं काही दिसलं तर थांबायचं, हे त्या डोळ्यांना सहा वर्षं ठाऊक होतं. बुरशी लागलेल्या बशा इतरांनीही पाहिल्या असणार, आणि धुऊन टाकल्या असणार.

तुझे दिवस मात्र फार गच्च भरलेले दिसतात. वेळापत्रक पाठवलं आहेस त्यात जेवतानासुद्धा काहीतरी ऐकायचं आहे! त्यातला एक तास मोकळा कर. कुणी शेजारी बसून ‘काय करता’ म्हणून विचारलं, तर उत्तर द्यायला सवड हवी ना.

पुढच्या वेळी चार पानं नकोत. ते एकच वाक्य पाठव, काय करते आहेस आणि नेमकं कुठे अडलंय. गेल्या पत्रात तू मला तेवढंच सांगितलं नव्हतंस. वाचून मलाही कुणी मावसभाऊ आठवतो का बघतो.

तुझा,
काका