जंगल आमचं, मग पैसा कुणाच्या खात्यात?

प्रश्न : ताई, आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरची तालुक्यात आहे. सामूहिक वनहक्काचं टायटल मिळून बरीच वर्षं झाली. आता एक संस्था आलीये, म्हणतायत की वन्यजीव संवर्धनाची मोठी ग्रँट मिळवून देतो, पैसा संस्थेच्या खात्यात येईल आणि काम तुमच्या जंगलात होईल, तुम्ही फक्त ग्रामसभेचा ठराव करून द्या. पोरं म्हणतात घेऊन टाकू, म्हातारी माणसं गप्प आहेत. काय करावं?

उत्तर : दादा, ठराव देऊ नका. म्हणजे कधीच नको असं नाही, पण आत्ता नको. म्हातारी माणसं का गप्प आहेत ते आधी त्यांना विचारा, खरंच विचारा, कारण मी जिथं जिथं असं प्रकरण बघितलंय तिथं गप्प बसलेल्यांकडेच खरी माहिती होती.

एका गावातलं सांगते. गोटुलासमोर, म्हणजे गोंड गावाच्या सामूहिक घरासमोर, सभा बसलेली, संस्थेच्या माणसानं रंगीत नकाशा अंथरला, त्यात जंगलात सिमेंटचे ३ नवीन पाणवठे दाखवलेले. एक आजी वाकून वाकून नकाशा बघत होत्या आणि शेवटी म्हणाल्या, यात आपल्या झऱ्या कुठं आहेत? तर नकाशात नव्हत्याच. गावाला नावानिशी माहीत असलेल्या २ झऱ्या गाळानं बुजल्या होत्या, आणि प्रपोजलमध्ये टँकरनं पाणी आणून सिमेंटच्या टाक्यात ओतायचं लिहिलेलं! मग गावानंच कुदळी-टोपल्या घेऊन एक झरी उपसली, ४ दिवस लागले, आणि पाचव्या दिवशी सकाळी ओल्या गाळात अस्वलाचा पंजा उमटलेला, मागची टाच अगदी माणसाच्या पावलासारखी. तो पंजा बघायला अख्खं गाव गेलं होतं. ती संस्था नंतर आली नाही.

तुमच्या हातात काय आहे ते नीट ओळखा. वनहक्क कायदा २००६ चा, त्याच्या कलम ३(१)(झ) प्रमाणे सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क ग्रामसभेचा आहे आणि कलम ५ मध्ये तर वन्यजीव, जंगल, जैवविविधता राखायचा अधिकार सरळसरळ ग्रामसभेलाच दिलाय. म्हणजे तुम्ही कुणाच्या प्रोजेक्टचे लाभार्थी नाही आहात, तुम्हीच व्यवस्थापक आहात. त्यामुळे खातं ग्रामसभेच्या समितीचं, पासबुक गावात, सह्या गावच्या माणसांच्या आणि त्यात एक सही बाईची, एवढं मान्य असेल तर संस्थेनं सोबत यावं. हिशोब लिहायला, युसी म्हणजे पैसा कशावर खर्चला त्याचा दाखला भरायला, इंग्रजी अर्ज करायला मदत लागतेच, त्याचे पैसे त्यांनी जरूर घ्यावेत, पण ते गावानं त्यांना द्यायचे, त्यांनी गावाला नाही.

आणि हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही बरं का. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत आदिवासी आणि स्थानिक समाजांच्या जमीन-जंगल हक्कांसाठी १.७ अब्ज डॉलर द्यायचं श्रीमंत देशांनी आणि मोठ्या फाउंडेशननी जाहीर केलं, आणि पहिल्या वर्षी जे पैसे दिले गेले त्यातले थेट आदिवासींच्या स्वतःच्या संघटनांना मिळाले फक्त ७ टक्के. बाकीचे बहुतेक मधल्या संस्था आणि सरकारं यांच्यामार्फत. मला हा आकडा वाचून फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

आता पैसा कुठून आणायचा? आधी घरातला बघा. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला आणि तिथून गाव स्वतःच्या बांबूच्या पैशावर जंगल सांभाळायला लागलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं तर याच्याही पुढचं केलं, १,००० हेक्टरच्या आसपास जंगल मिळालं त्यातलं ३४ हेक्टर चांगलं जंगल देवराई म्हणून राखून ठेवलं आणि तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण तेंदूसाठी झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात. हातात येणारा पैसा सोडून दिला त्यांनी. तुम्ही तेंदू बंद करा असं मी म्हणत नाहीये, ते तुमचं पोट आहे, पण तेंदूच्या रॉयल्टीतला थोडा वाटा जंगलासाठी बाजूला काढायचा ठराव आधी करा. बाहेरचा कुणी पैसे द्यायला येईल तेव्हा तो ठराव त्याच्यासमोर ठेवा, बोलण्याची पद्धतच बदलते बघा.

मग सरकारचा पैसा. पेसा गावांना, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्यातल्या गावांना, आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट मिळतो, आणि पुष्कळ गावांना हेच माहीत नसतं की त्यात पायाभूत कामं, वनहक्क-पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण यांच्या जोडीला वनीकरण, वन्यजीव संवर्धन, जलसंधारण, वनतळी असा चौथा भाग आहे. बहुतेक ठिकाणी तो समाजमंदिराच्या फरशीत आणि पेव्हर ब्लॉकमध्ये जातो. तुमच्या ग्रामपंचायतीत त्या चौथ्या भागातून गेल्या ३ वर्षांत काय केलं ते ग्रामसभेत उभं राहून विचारा. शिवाय २०२३ मध्ये केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानं सामूहिक वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्याप्रमाणे आराखडा ग्रामसभेनं करायचा आहे, वनखात्यानं किंवा संस्थेनं नाही.

आराखडा म्हटलं की लोक घाबरतात. घाबरू नका. कुठल्या नाल्यावर कधीपर्यंत पाणी असतं, वणवा दरवर्षी कुठल्या बाजूनं घुसतो, मोहाखालचा पाला जाळायचा की झाडून काढायचा, हरियल कुठल्या झाडांवर बसतात, पूर्वी काय दिसायचं जे आता दिसत नाही, हे सगळं माडियात, गोंडीत, मराठीत जसं येईल तसं वहीत उतरवा. ही वही झाली की ग्रँट मागायची, आणि वहीत आहे त्याच कामांसाठी मागायची.

प्रश्न : आम्ही बाया पाळीनं जंगलात गस्त घालतो, उन्हाळ्यात वणवा विझवतो. अर्जात हे गावाचं श्रमदान म्हणून दाखवा असं आम्हाला सांगितलं. बरोबर आहे का?

उत्तर : माझ्या मते अजिबात नाही. ज्या दिवशी बाई गस्तीला जाते त्या दिवशी तिची मजुरी बुडते, आणि गाडीचं डिझेल, अहवालाची छपाई, ट्रेनिंगचं जेवण या सगळ्याला बजेटमध्ये रक्कम असते तर बाईच्या दिवसाला का नाही? किती जणी, किती फेऱ्या, किती दिवस असं लिहून रोजंदारीच्या दरानं मागा. देणाऱ्यानं गावाचा वाटा दाखवाच म्हटलं तर थोडा दाखवा, पण त्याचीही किंमत रुपयात लिहा. वणव्यासाठी बूट, पाण्याच्या बाटल्या, टॉर्च हे मागायला लाजू नका. मी चपला घालून आग विझवणाऱ्या बाया पाहिल्यात, पायाला फोड आलेले.

प्रश्न : मी कॅनडात राहतो, मूळ गाव अमरावती जिल्ह्यात. मेळघाटाकडच्या एखाद्या ग्रामसभेला जंगलासाठी थेट पैसे पाठवता येतील का?

उत्तर : तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतले पैसे नेहमीच्या बँकेमार्फत पाठवले तर ते परदेशी देणगीत धरत नाहीत. पण कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) कार्ड असलं तरी, तो परदेशी पैसा होतो आणि घेणाऱ्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, लागतं, जे साध्या ग्रामसभेकडे नसतं. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए असलेली संस्थाही तो पैसा पुढं दुसऱ्याला वाटू शकत नाही. म्हणून घाईत कुणाच्या वैयक्तिक खात्यात टाकू नका, उद्या चौकशी लागली तर ती गावाला लागते, तुम्हाला नाही.

त्यापेक्षा सुट्टीवर याल तेव्हा अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला जाऊन या. २०१२ मध्ये वनहक्क मिळालेलं गाव, उजाड टेकडी लोकांनी राखून परत हिरवी केली आणि तिथली सीताफळं विकून पैसा उभा केला. सीताफळाच्या दिवसांत गेलात तर पेटी घेऊन या.