खदानीजवळच्या विहिरीचं पाणी जड झालंय, बोअर मारली तर चांगलं पाणी लागेल का?

तुम्ही लिहिलंय की गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीजवळ, कोळशाची खदान दोन किलोमीटरवर, विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि घरचे बोअर मारायच्या मागे लागलेत. मी याच पट्ट्यात बरीच वर्षं पाण्याचे नमुने गोळा करत फिरलोय. बोअर खुशाल मारा, पण पाणी गोड लागलं म्हणून लगेच प्यायला घेऊ नका.

आधी विहीर. कोळशाच्या ढेकळात सोनेरी चमकणारे कण कधी पाहिलेत? ते पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक. जमिनीत दाबलेलं असेपर्यंत त्याचा त्रास नाही. खोदून वर आलं, हवा-पाणी लागलं, की त्यातून गंधकाचं आम्ल तयार होतं आणि लोखंड सुटतं. मातीच्या ढिगाऱ्यांखालच्या नाल्यात पावसाळ्यात तांबूस गाळ बसतो तो त्याचाच. आपल्याकडे पाणी तरीही सहसा आंबट होत नाही, कारण चुनखडी आहे (राजूरला चुन्याच्या भट्ट्या उगाच नाहीत). चुना आम्ल मारतो, पण पाण्यात कॅल्शियम आणि सल्फेट सोडून जातो. हा जडपणा उकळून जात नाही.

अर्थात नुसत्या चुनखडीनंही पाणी जड होतं, म्हणून तपासल्याशिवाय खदानीवर खापर फोडू नका. सल्फेट भरपूर निघालं तर संशय रास्त आहे. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर मात्र आपलाच गोठा, संडासाचा खड्डा नि शेतातला युरिया बघा.

आता बोअर. पांढरकवडा, झरी-जामणीकडे पाण्यात फ्लोराइड आहे, ते खदानीनं आणलेलं नाही, खडकातच आहे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं तोवर ते फ्लोराइडला फार विरघळू देत नाही. खोलवर मुरलेलं पाणी वर्षानुवर्षं खडकाशी लागून राहतं, त्यातलं कॅल्शियम कमी होतं, सोडियम वाढतं, आणि मग फ्लोराइड सुटतं. म्हणजे ज्या पाण्यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो, नेमकं त्याच पाण्यात ते जास्त असू शकतं. एका गावात बोअरचं पाणी इतकं गोड, की पाहुणे कॅन भरून न्यायचे. जड पाण्याची जुनी विहीर लोकांनी सोडून दिली होती. शाळेतल्या पोरांना हसवलं तेव्हा दातांवरचे तपकिरी पट्टे दिसले. ते फ्लोराइडचेच; नमुन्यात ते मर्यादेच्या कितीतरी वर निघालं.

फ्लोराइडला ना चव ना वास. आरओवाले खिशातून टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं) काढून दाखवतात, त्यालाही ते वेगळं कळत नाही. उकळलं तर पाणी आटतं, फ्लोराइड तिथंच राहतं. हद्द लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर १.५. पक्के दात येण्याआधीच्या वयाची मुलं घरात असतील तर १ च्या वर जाऊ देऊ नका.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत विहीर आणि बोअर, दोन्हींचे नमुने द्या. एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळ्यानंतर. बाटली प्लास्टिकची, त्याच पाण्यानं तीनदा विसळलेली; बोअर दहा मिनिटं चालू ठेवून मग भरा. फ्लोराइड, सल्फेट, कठीणपणा (म्हणजे जडपणा), लोह, नायट्रेट हे नाव घेऊन मागा. रिपोर्ट आला की आकडे इथेच टाका, बघून सांगतो. तोवर जुनी विहीर बुजवू नका.